मद्रास ते मुंबई, व्हाया नागपूर

१९५२ चा मे महिना. मद्रासच्या मीनाम्बक्कम विमानतळावर रात्र पडलीय, पण उकाडा हटायचं नाव घेत नाही. सदरा पाठीला चिकटलाय. पुढच्या बाईंच्या केसांतला मोगरा, शेजारच्या गृहस्थांच्या कपाळावरची विभूती आणि पेट्रोलचा उग्र दर्प, सगळं एकदमच तुमच्या नाकात शिरतं. मुंबईला जायचंय ना तुम्हाला? मग नागपूरच्या विमानात बसा. रात्रीच्या टपाल विमानाची वाट अशीच जाते.

समोर डकोटा उभं आहे, शेपूट जमिनीला टेकून आणि नाक वर करून. त्यामुळे आत शिरलात की खुर्चीपर्यंत चढ चढायचा. जपून! टपालाच्या थैल्यांना पाय लावू नका. कॅनव्हासच्या, लाखेची मोहर लावलेल्या त्या थैल्याच इथल्या खऱ्या मानकरी. तुम्ही त्यांच्या सोबतीला.

इंजिनं धडधडली! खुर्ची हादरते, दात वाजतात. शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. कानात कापसाचे बोळे घाला आणि आवंढे गिळत राहा, कारण आत हवेचा दाब राखायची सोय नाही. खिडकीबाहेर इंजिनाच्या नळीतून निळसर ज्वाळ निघताना दिसली तरी घाबरू नका, ती रोजचीच आहे. नऊशे किलोमीटर असंच बसायचंय, साडेतीन-चार तास.

मध्यरात्री नागपूर, सोनेगाव. दार उघडताच कोरडी, गरम हवा तोंडावर येते. कान अजून गुणगुणतायत. दिवसभर तापलेल्या फरशीची धग चपलेतून तळव्यांना लागते. मुंबई, दिल्ली आणि कलकत्त्याहून निघालेली विमानंही इथेच येऊन टेकतात. थैल्या खांद्यावर घेऊन माणसं पळतायत. मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली हाका एकमेकींत मिसळतायत. घोटभर चहा घ्या आणि मुंबईचं विमान शोधा. मद्रासचं विमान आता बाकीच्या तिन्ही शहरांची पत्रं घेऊन मद्रासलाच परतणार. चौघांनी मधल्या गावी भेटायचं, पत्रं बदलायची आणि उजाडायच्या आत घर गाठायचं. जादा आकार न भरता टाकलेली साधी पाकिटंही या थैल्यांत आहेत.

पुन्हा तोच धडधडाट, तीच हादरणारी खुर्ची. मग पहाटे सांताक्रूझ आणि तोंडावर खारट, ओली हवा. सरळ रेषेत मद्रास ते मुंबई जेमतेम १,०३० किलोमीटर. तुम्ही आलात सुमारे १,६००. अंग आंबून गेलंय, तरी हा वळसा वाया गेला नाही. त्याच्याच जोरावर चार शहरं एका रात्रीत एकमेकांच्या हाकेवर आली. आगगाडीने निघाला असतात, तर अजून निम्मी वाटही सरली नसती.

चला, उतरा. टॅक्सीवाले बोलावतायत आणि टपालाची गाडी तुमच्या आधीच शहराकडे सुटलीय.