शिकेकाई, फणी आणि वस्तरा

घराण्याचा इतिहास लिहावयास बसले की आपली लेखणी सनदांकडे, वतनांकडे आणि वाड्यांच्या वाटण्यांकडे वळते. माळव्यातील जुन्या मराठी कुटुंबांपाशी असे कागद पुष्कळ आहेत आणि त्यांचा अभिमानही रास्त आहे. परंतु मल्हारराव होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून आलेल्या या कुटुंबांनी केवळ समशेर, दौत आणि कुलदैवतांचे टाक सोबत आणले नाहीत. न्हाण्याची रीत, फणीकरंड्याची पेटी आणि डोक्यावरच्या केसांविषयीचे सारे विधिनिषेधही त्यांच्याबरोबर आले. त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. केसांची निगा हा विषय इतिहासाच्या दृष्टीने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मात्र ज्या घरात एका स्त्रीच्या केसांसाठी शिकेकाई उकळत असे, त्याच घरात दुसऱ्या स्त्रीसाठी वस्तरा घेऊन न्हावी येत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचे वजन कळते.

प्रथम न्हाण्याविषयी. मराठीत अंघोळ वेगळी आणि न्हाणे वेगळे. अंघोळ रोजची, न्हाणे डोक्यावरून, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आणि तेही वार पाहून. कोणत्या वारी न्हावे आणि कोणत्या वारी न्हाऊ नये, याचे नियम घरोघर निराळे होते. चौथ्या दिवसाचे न्हाणे मात्र सर्वत्र सक्तीचे होते. न्हाण्याची तयारी आदल्या दिवसापासून चाले. शिकेकाईच्या शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा, संत्र्याची वाळलेली साल, मूठभर मेथ्या हे सारे खलबत्त्यात कुटून ठेवलेले असे. त्यातले लागेल तेवढे पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून घेत. तेलासाठी माका, ब्राह्मी आणि जास्वंदीची फुले खोबरेलात मंद आंचेवर कढवीत. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हा याच नित्यक्रमाचा सणाच्या दिवशीचा थाट होय. रोज अभ्यंग करावा आणि त्यात मस्तक, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, हा उपदेश आयुर्वेदाच्या दिनचर्येत फार जुना आहे.

ही रीत माळव्यात टिकविणे सोपे नव्हते. नारळ येथे पिकत नाही. शिकेकाईची काटेरी वेल सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या दमट रानातली. माळव्याच्या काळ्या मातीत तीळ, जवस आणि कापूस भरघोस येतात, ती येत नाही. आगगाडीपूर्वी दक्षिणेकडचा माल सेंधव्याचा घाट चढून आग्रा रस्त्याने वर येई. तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून १८७० च्या दशकात खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला आणि मुंबईचा बाजार इंदूरच्या दाराशी आला. पुढे सियागंजातल्या किराणा दुकानांत शिकेकाई आणि खोबरेल या नेहमीच्या वस्तू झाल्या. दरम्यान माळव्यानेही आपले काही दिले. मुलतानी माती ताकात कालवून डोक्यास लावणे, तिळाच्या तेलाची मालीश, उन्हाळ्यात मेंदीचा लेप या गोष्टी मराठी न्हाणीघरांत शिरल्या. आज ज्यास आपण 'आपली' पद्धत म्हणतो, तिच्यात निम्मा वाटा शेजारणींचा आहे.

शिकेकाईच इतकी का जपली गेली, याचे उत्तर श्रद्धेत शोधण्याचे कारण नाही. ते विहिरीच्या पाण्यात आहे. माळव्याचे पठार काळ्या बेसाल्ट खडकाचे. त्यातून झिरपलेल्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात व पाणी जड होते. अशा पाण्यात साबण नीट फेसाळत नाही. क्षारांशी त्याचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस राठ होतात, गुंततात, फणी चालत नाही. शिकेकाई आणि रिठा यांतला मळ काढणारा घटक सॅपोनिन नावाचा आहे आणि तो जड पाण्यात असा साका धरीत नाही. शिवाय साबण अल्कधर्मी असतो, तर शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल. आम्लामुळे केसावरची खवल्यांसारखी बाह्य पापुद्री मिटलेली राहते. केस मऊ वाटतो आणि सुटसुटीत राहतो. रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या आमच्या आज्या-पणज्यांनी हा निष्कर्ष अनुभवाने काढला होता. १९७८ साली जलूदहून विंध्याचा चढ चढून नर्मदेचे पाणी इंदुरात आले, तेव्हा अनेक घरांतून विहिरीच्या पाण्याची सवय सुटली. त्याच सुमारास शिकेकाईही मागे पडत गेली.

खोबरेलाचीही अशीच परीक्षा झाली आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना होती. धुण्या-विंचरण्याने केसांतील प्रथिनांची जी झीज होते, ती खोबरेलाने कमी होते. अन्य दोन तेलांनी तसे घडले नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो, हे त्याचे स्पष्टीकरण. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीतच झाला, हे विसरता कामा नये. तरीही न्हाण्यापूर्वी तेल लावण्याच्या जुन्या चालीला त्यातून काही आधार मिळतो, हे मान्य करावे लागते.

न्हाऊन झाल्यावर केस वाळवून विंचरणे हा स्वतंत्र सोहळा असे. बाळंतिणीचे केस ओवा आणि धूप घातलेल्या शेगडीच्या उबेवर वाळवीत. फणीकरंड्याच्या पेटीत आरसा, कुंकवाचा करंडा, मेण आणि दोन्ही बाजूंना दाते असलेली लाकडी फणी असे. बारीक दात्यांची बाजू उवा-लिखांसाठी आणि विरळ दात्यांची गुंता सोडविण्यासाठी. मग अंबाडा, खोपा किंवा तीनपेडी, पाचपेडी वेणी. सणासुदीला मूद, राखडी, अग्रफूल, केवडा. मोकळे केस अशुभ मानीत. शाळा सुरू झाल्यावर मुलींना रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या आल्या. १९२९ साली याच इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांनी त्या दोन वेण्या जन्मभर मिरविल्या आणि आमच्या कित्येक पिढ्यांच्या मनात मराठी मुलीचे तेच चित्र ठसले.

पण हा सारा सोहळा सवाष्णीचा आणि कुमारिकेचा होता. नवरा गेला की तो संपे. ब्राह्मणांत आणि त्यांच्या अनुकरणाने वागणाऱ्या कुटुंबांत विधवेचे केस काढीत. पुन्हा वाढू लागले की पुन्हा काढीत. तांबडे आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली 'सोवळी' बाई स्वयंपाकघर सांभाळी, नातवंडांची डोकी न्हाऊ घाली, सुनांच्या वेण्या घाली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर फणी फिरत नसे. तिच्यातल्या कित्येक जणी दहा-बारा वर्षांच्या होत्या. आम्ही होळकरशाहीचा उल्लेख करतो तेव्हा अहिल्याबाईंचे नाव प्रथम घेतो. १७५४ साली वैधव्य आल्यावर मल्हाररावांनी त्यांस सती जाण्यापासून परावृत्त केले आणि पुढे त्यांनी अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले. होळकरांच्या धनगर कुळात केशवपनाची सक्ती नव्हती. ती होती त्यांच्या दरबारात लेखणी चालविणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरांत. एका विधवेच्या राज्यात सन्मानाने नांदलेल्या घराण्यांनी आपल्या घरातल्या विधवेला वस्तऱ्याखाली बसविले, ही विसंगती आपल्या इतिहासलेखनात कधी आलेली नाही.

या प्रथेचा दाब किती होता, याची साक्ष विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात आहे. १८५७ च्या धामधुमीत महू-इंदूरकडून गेलेल्या या वरसईच्या भिक्षुकाने झाशीच्या राणीचा दिनक्रम नोंदविला आहे. केशवपन केले नाही म्हणून राणी प्रायश्चित्तादाखल नित्य दान करीत, असे तो सांगतो. इंग्रजांशी झुंजणाऱ्या राणीलाही डोक्यावरच्या केसांचा हिशेब शास्त्राला द्यावा लागत होता, मग सामान्य घरातल्या पोरक्या मुलीची कथा काय?

हा वस्तरा खाली ठेवण्याचे श्रेय अनेकांचे आहे. त्यात ज्यांच्या हाती तो होता त्यांचेही. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केस कापावयाचे नाहीत असे त्यांनी ठरविले. ज्या कामाचे पैसे मिळत ते काम नाकारणाऱ्या या माणसांना आपल्या घराण्यांच्या बखरीत जागा नाही. त्याच काळात आगरकर 'सुधारका'तून या प्रथेवर तुटून पडत होते आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधील यमूची दशा वाचून मराठी वाचक हादरत होते. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले. तेथे शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला. गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. त्यांनी कित्येक वर्षे केशवपन पाळले. मग विचारपूर्वक सोडले आणि पुन्हा केस वाढविले. 'माझी कहाणी' या १९२८ च्या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितले आहे. कोणी सोडविले म्हणून नव्हे, स्वतःच्या निर्णयाने त्यांनी आपले केस परत मिळविले. आमच्या मते केसांच्या निगेच्या इतिहासात या एका निर्णयाइतके मोठे प्रकरण दुसरे नाही.

त्यानंतरचा इतिहास बाजाराचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. १९४० साली डाबरचे आवळा तेल आले. शिकेकाईच्या वड्या साबणाच्या रूपात मिळू लागल्या. १९६४ साली सनसिल्क भारतात आला आणि १९८३ च्या चिक शॅम्पूपासून छोट्या पुडीने खेड्यापाड्यांपर्यंत मजल मारली. यातली गंमत अशी की 'शॅम्पू' हा शब्दच मुळी आपला. मालीश करणे, चेपणे या अर्थाच्या 'चांपना' या हिंदी क्रियापदापासून तो निघाला. पाटण्याचे साके दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील ब्रायटन येथे वाफेची स्नाने आणि मालीश यांचे घर काढले. चौथ्या जॉर्ज राजानेही त्यांची सेवा घेतली. मालिशीचा शब्द तिकडे डोके धुण्याला चिकटला आणि दीडशे वर्षांनी पुडीत बसून सराफ्यातल्या दुकानात परत आला.

मग जुन्यातले काय ठेवावे? जे कसोटीला उतरते ते. न्हाण्यापूर्वी तेल, विरळ दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडविणे, ओले केस खसाखसा न पुसणे, रात्री सैल वेणी घालणे, या सवयींना आजही पर्याय नाही. कोंडा झाला असता मात्र डोक्यावर तेल थापू नये, कारण त्यास कारण होणारी बुरशी तेलावरच पोसते. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची जुनी चाल सोडलीच पाहिजे. ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कलपांत बहुधा असे रसायन असते, की ते काहींच्या त्वचेस मुळीच सोसत नाही. मूल ओळखू लागले की आईचे केस गळतात, असे जुन्या बायका म्हणत. निरीक्षण अचूक होते. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी अशी गळती लागते आणि बहुधा आपोआप थांबते. एरवी रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळत असतील तर तेल बदलण्याआधी रक्तातले लोह आणि थायरॉइड तपासून घेणे शहाणपणाचे. घरच्या सर्वांना वाढून मागाहून उरलेसुरले खाणाऱ्या बाईचे केस कोणत्याही तेलाने दाट होणार नाहीत.

शिकेकाईचे कौतुक करताना वस्तऱ्याचा विसर पडू देणे, हा आपल्या स्मरणरंजनातला मोठा दोष आहे. म्हणून या त्रैमासिकाच्या वाचक कुटुंबांना आमची एक विनंती आहे. आपल्या वंशावळीत पुरुषांची नावे दहा पिढ्यांपर्यंत आहेत. त्याच घरांतल्या सोवळ्या आत्या, मावश्या, आज्या बहुतेक ठिकाणी नावानिशी नाहीत. असल्याच तर 'अमक्याची विधवा बहीण' एवढ्याच. ज्यांनी त्यांना पाहिले किंवा ज्यांनी त्यांच्याविषयी ऐकले, अशी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून त्या बायकांची माहेरची आणि सासरची नावे, वैधव्य आले तेव्हाचे वय आणि त्यांच्या हातच्या शिकेकाईचे प्रमाणही लिहून घ्यावे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असाव्यात.