सनरूफची काच ‘आपोआप’ फुटते का?

मालपेच्या उतारावर किंवा डिचोलीहून साखळीकडे जाताना अचानक बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होतो, छतातून वारा आत घुसतो आणि मागच्या आसनावर काचेच्या खड्यांचा सडा पडतो. गाडीवर काही आदळताना कोणी पाहिलेले नसते. काही वेळा तर गाडी घरासमोर उभीच असते आणि सकाळी दार उघडल्यावर छताला भगदाड दिसते. अशा वेळी मालकाच्या तोंडी पहिला प्रश्न ‘फुटली कशी’ हा असतो आणि दुसरा ‘पैसे कोण भरणार’ हा. खरे पाहता हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. काच उत्पादनातील दोषामुळे फुटली असे ठरले तर भरपाई हमीतून मागता येते. बाहेरच्या आघाताने फुटली असे ठरले तर विम्यातून. म्हणून सेवा केंद्राचा कल बाहेरच्या माराकडे असतो आणि विम्याचा तपासनीस त्या माराची खूण मागतो. या दोघांमध्ये सापडलेल्या मालकाचा खरा साक्षीदार म्हणजे ती फुटलेली काचच. पण बहुतेकदा ती पहिल्या अर्ध्या तासात झाडून टाकलेली असते.

मोटारीत दोन जातींच्या काचा असतात. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा बसवलेला असतो. ती तडकते, पण तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. भारतात समोरची काच याच प्रकारची असणे केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १०० प्रमाणे बंधनकारक आहे. बाजूच्या, मागच्या आणि बहुतेक गाड्यांतील सरकत्या सनरूफच्या काचा मात्र टफन्ड, अर्थात तापवून कणखर केलेल्या असतात. अशी काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि लगेच तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गोठतो. आतला गाभा मागाहून थंड होताना आकसू पाहतो, पण गोठलेले कवच त्याला आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. या दाबामुळेच ती साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट अधिक मार सोसते.

या बळाची किंमत तिच्या फुटण्याच्या पद्धतीत मोजावी लागते. दाबाखालचे कवच प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश इतके असते. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या सनरूफमध्ये ते जेमतेम एक मिलिमीटर भरते. त्या कवचात ओरखडा थांबला तर काही होत नाही. पण एकही तडा कवच भेदून ताणाखालच्या गाभ्यात पोहोचला की साठलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते, तडे सेकंदाला एक किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात आणि काचेचा प्रत्येक कोपरा खडे बनतो. सतराव्या शतकात युरोपात ‘रुपर्टचे थेंब’ म्हणून एक गंमत दाखवत असत: वितळलेली काच पाण्यात टाकून केलेला थेंब हातोड्याला दाद देत नाही, पण त्याची शेपटी चिमटीत मोडली की सगळ्या थेंबाचे पीठ होते. सनरूफचे तत्त्व तेच आहे. लहान, बोथट तुकडे होणे हा दोष नसून तशी अटच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावली क्रमांक ४३ प्रमाणे टफन्ड काचेच्या पाच सेंटिमीटरच्या चौकोनात किमान चाळीस तुकडे पडावे लागतात, जेणेकरून लांब सुरीसारखी धार कोणाला लागू नये.

म्हणजे ‘आपोआप’ फुटणे शक्य आहे, पण अकारण फुटणे शक्य नाही. सर्वांत नेहमीचे कारण जुनी जखम हे असते. खडीच्या कणाने, धुताना फडक्यात अडकलेल्या वाळूने किंवा छतावर सामान बांधताना लागलेल्या धातूच्या टोकाने कवचात खोलवर ओरखडा जातो आणि तो दिसतही नाही. पुढे गाडीचा सांगाडा खड्ड्यात पिळवटतो, काच ऊन-पावसात प्रसरण-आकुंचन पावते आणि तडा हळूहळू आत सरकतो. काचेतील तड्याच्या टोकाशी पाण्याची वाफ पोहोचली की तिथले बंध अधिक सहज तुटतात, हे काचविज्ञानात प्रस्थापित आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ही वाफ बाराही महिने हजर असते. मार लागतो म्हापशात आणि काच फुटते मोप्याच्या पार्किंगमध्ये, ते असे. काचेची कडा आणि कडेला छापलेला काळा पट्टा ही तिची नाजूक ठिकाणे. हा पट्टा म्हणजे काचेवर भाजलेला चिनी मातीसारखा मुलामा असतो. आतला गोंद उन्हापासून झाकण्यासाठी तो लागतो, पण त्यामुळे काचेचे बळ त्या भागात कमी होते. दक्षिण कोरियाच्या वाहन संशोधन संस्थेने हा मुद्दा गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या वाहनमानक मंचापुढे नेला होता. नेहमीच्या चाचणीत पोलादी गोळी मुलामा नसलेल्या काचेवर टाकली जाते, तर आजच्या पसरट छतांत मुलाम्याचे क्षेत्र पुष्कळ असते, ही त्यामागची तक्रार.

दुसरे कारण दुर्मीळ, पण खरे आहे. काच वितळवताना निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण तिच्यात राहून जातो. उच्च तापमानाला त्याची रचना एक असते, थंड झाल्यावर दुसरी. काच झटकन गोठवल्यामुळे तो जुन्याच रचनेत अडकतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी नव्या रचनेत जाताना दोन ते चार टक्के फुगतो. कण नेमका ताणाखालच्या गाभ्यात असेल तर तेवढे पुरेसे होते. इमारतींच्या काचांबाबत हा उलगडा १९६०च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात झाला. तिसरे कारण बसवणीतले: चौकट किंचित वाकडी असणे, किंवा रुळात अडकलेला खडा काच सरकताना तिच्या कडेला टोचणे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात गाडीच्या प्रत्येक फटीत तांबडी धूळ बसते, तिथे या कारणाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

‘ऊन तापले म्हणून फुटली’ हे मात्र अर्धसत्य आहे. निरोगी टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपास तापमानफरक सोसते. मे महिन्यातल्या तापलेल्या छतावर वळिवाची सर कोसळली तरी तेवढा फरक पडत नाही. ऊन जखमी काच फोडते, धडधाकट काच नव्हे.

बाहेरच्या माराचे मोजमाप करून पाहिले तर गोव्यात कोणत्या जागी काय धोका आहे ते स्पष्ट होते. नियमावलीतील चाचणीत २२७ ग्रॅमची पोलादी गोळी दोन ते अडीच मीटरवरून टाकतात. तिची ऊर्जा साधारण पाच ज्यूल. दीड किलोचा नारळ पंधरा मीटर उंच माडावरून पडला तर ती दोनशे ज्यूलच्या पुढे जाते, म्हणजे चाळीसपटीहून अधिक. माडाखाली गाडी लावणाऱ्याला याहून वेगळे स्पष्टीकरण नको. समोरच्या टायरने उडवलेला खडा छताला बहुधा तिरका घासून जातो. तो काच तिथल्या तिथे क्वचितच फोडतो, पण पुढे फुटण्याची सोय करून ठेवतो. उंच भरलेल्या टिपरवरून सरळ खाली पडणारा दगड अधिक वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने थांबलेला खाण व्यवसाय लिलावानंतर डिचोलीतूनच पुन्हा सुरू झाला. खनिज वाहणाऱ्या ट्रकावर ताडपत्री हवी हा नियम आहे. तरी अशा ट्रकाच्या मागे अंतर राखून चालणे केव्हाही स्वस्त पडते. पेडण्यात मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतुकीला खुला झाल्यापासून पत्रादेवी ते कोलवाळ हा पट्टा अधिकच गजबजला आहे, आणि त्याच राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मालपे येथे कापलेल्या डोंगराची दरड पावसात खाली आलेली आहे.

दरडीचा उल्लेख केवळ काचेच्या खर्चासाठी नाही. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस रायगड जिल्ह्यातील ताम्हिणी घाटात डोंगरावरून सुटलेला दगड चालत्या मोटारीचे सनरूफ फोडून आत आला आणि आत बसलेल्या महिलेचा मृत्यू झाला. पत्र्याचे छतही मोठ्या दगडापुढे टिकेलच असे नाही, पण टफन्ड काच अशा वेळी काहीच अडवत नाही. चोर्ला घाटातून किंवा पावसाळ्यात मालपेहून जाताना सनरूफचा आतला पडदा ओढून घेणे शहाणपणाचे. तो दगड थांबवणार नाही, पण काच फुटलीच तर खडे अंगावर पडू देणार नाही. मुलांना सनरूफमधून डोके बाहेर काढून उभे करण्याची हौस तर कुठल्याही रस्त्यावर नको.

काच फुटल्यावर गाडी कडेला घेऊन आधी डोळे आणि मुले सांभाळावीत. सनरूफचे बटण दाबू नये. खडे रुळात ओढले गेले तर काचेबरोबर सरकयंत्रणाही जाते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. त्यानंतर काहीही न झाडता छायाचित्रे काढावीत: वरून, आतून, चारही कडांची आणि छताच्या पत्र्याची. चौकटीत अजून काच धरून असेल तर सगळे तडे कोणत्या बिंदूपासून निघाले आहेत ते शोधावे. तिथे पांढरे पीठ झालेला खळगा असेल तर बाहेरचा मार. कडेपासून सुरुवात असेल तर बसवणी किंवा जुनी जखम. बिंदूशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे आणि त्यांच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका असेल तर निकेल सल्फाइडचा संशय घ्यावा. ते तुकडे वेगळ्या डबीत ठेवावेत. काच बाहेरच्या बाजूला फुगली होती, एवढ्यावरून दोष आतला ठरत नाही. फुटलेले खडे अधिक जागा घेतात, शिवाय वेगात छतावर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे बाहेरून दगड लागला तरी वक्र काच वरच उचलली जाते. डॅशकॅम असेल तर त्यातील चित्रण लगेच जपून ठेवावे, कारण जुने चित्रण काही तासांत पुसले जाते.

विम्याबाबत एक गोष्ट मालकाच्या बाजूची आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मात्र शून्य. सक्तीची कपात १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर हाती काही येत नाही. दावा केल्यास पुढील नूतनीकरणात विनादावा सवलत जाते, आणि ती २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणून काचेची किंमत आणि गमावणारी सवलत यांची वजाबाकी आधी करावी. दाव्याच्या अर्जात ‘आपोआप फुटली’ असे सैलपणे लिहून देऊ नये. जे पाहिले तेच लिहावे: आवाज कधी झाला, गाडी कुठे होती, पुढे कोणते वाहन होते.

दोष उत्पादनाचा वाटत असेल तर सेवा केंद्राकडे तपासणीचा लेखी अहवाल मागावा. तोंडी नकार पुढे कुठेच चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. एकाच प्रकारच्या गाडीत हा प्रकार वारंवार घडत असेल तर वाहन माघारी बोलावण्यासाठी केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे, मात्र गाडी सात वर्षांच्या आतली हवी. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०१७ मध्ये सरकारी नोंदी चाळल्या तेव्हा सनरूफ फुटल्याच्या आठशेहून अधिक तक्रारी सापडल्या, अनेक वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकेकटी पडलेली तक्रार किरकोळ वाटते. नोंदवलेल्या तक्रारी मोजता येतात.

नवी काच बसवताना केवळ काच बदलायची की संपूर्ण सांगाडा, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. सरकती काच बहुधा स्क्रूंनी यंत्रणेला जोडलेली असते आणि रूळ शाबूत असतील तर तेवढीच बदलता येते. स्थिर काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने छताला चिकटवलेली असते. जुना गोंद कापून, प्रायमर लावून नवी बसवावी लागते. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे गोव्याची दमट हवा त्याला मानवते, पण चौकट ओली असेल तर तो धरत नाही. भर पावसात उघड्यावर हे काम करून देणाऱ्याकडे गाडी देऊ नये. नव्या काचेच्या कोपऱ्यातील शिक्का वाचावा: प्रमाणचिन्ह आहे का, आणि मूळची काच लॅमिनेटेड असेल तर बदलीही तशीच आहे का. काच पुढून छताच्या पातळीत किंवा किंचित खाली आणि मागून किंचित वर बसते. पुढची कड वर राहिली तर वाऱ्याची शीळ वाजत राहते. अनेक गाड्यांत नंतर बटण धरून ठेवून यंत्रणेला उघड-झाक नव्याने ‘शिकवावी’ लागते, नाहीतर बोट अडकल्यास थांबण्याची सोय नीट चालत नाही.

सर्वांत जास्त विसरली जाते ती पाण्याची वाट. सनरूफ पूर्ण जलरोधक नसते. चौकटीत येणारे पाणी कोपऱ्यांतील बारीक नळ्यांवाटे खांबांतून खाली जाते. फुटलेल्या काचेचे खडे या नळ्यांत अडकले तर जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात पाणी छताच्या अस्तरातून डोक्यावर टपकते, गालिच्याखाली साचते आणि वायरिंगपर्यंत पोहोचते. त्यामुळे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात तांब्याभर पाणी हळूहळू ओतायला सांगावे आणि ते चाकांजवळ जमिनीवर पडताना स्वतः वाकून पाहावे.