इट्रियमच्या काळ्या संयुगाची कुळकथा

विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध ठरावीक तापमानाखाली पूर्णपणे नाहीसा होणे, म्हणजेच अतिसंवाहकता, हा गुण १९११ साली लायडेन येथे कामरलिंग ऑनेस यांना पाऱ्यात आढळला. पुढच्या पाऊण शतकात हे संक्रमण-तापमान जेमतेम २३ केल्विनपर्यंत चढले. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी धातूंची वाट सोडून तांब्याच्या ऑक्साइडांत ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता शोधली. त्यांनी निवडलेल्या लँथॅनम-बेरियम संयुगाचा अभ्यास फ्रान्समधील मिशेल आणि रावो यांनी आधीच केला होता, परंतु त्यांची मोजमापे उणे १०० अंश सेल्सिअसपाशी थांबली होती.

शुद्ध लँथॅनम-तांबे ऑक्साइड विद्युत्-रोधक असते, कारण त्यातील तांबे-ऑक्सिजनच्या सपाट थरांत इलेक्ट्रॉन परस्परांच्या प्रतिकर्षणाने जागच्या जागी अडकलेले असतात. तीन इलेक्ट्रॉन देणाऱ्या लँथॅनमच्या काही जागी दोनच देणारे बेरियम बसवले, की थरांत इलेक्ट्रॉनांची उणीव पडते आणि या रिकाम्या जागांमुळे विद्युत्‌भार वाहू लागतो. परके अणू बेताने मिसळण्याच्या या क्रियेला डोपिंग म्हणतात.

ह्यूस्टन येथे पॉल चू यांनी या संयुगावर दाब दिला, तेव्हा अतिसंवाहकतेचा आरंभ ५० केल्विनच्या पुढे गेला. बाहेरून दाबण्याऐवजी लहान आकाराचा अणू घालून स्फटिक आतूनच आवळावा, या तर्काने बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम आणि पुढे लँथॅनमच्या जागी इट्रियम आले. जानेवारी १९८७ मध्ये अलाबामातील हंट्सव्हिल येथे माव-कुएन वू आणि सहकाऱ्यांच्या नमुन्याने ९० केल्विनची पातळी ओलांडली आणि ७७ केल्विनला उकळणारे, तुलनेने स्वस्त असे द्रव नायट्रोजन थंडाव्यासाठी पुरेसे ठरले.

तर्क फळला खरा, पण त्याने गृहीत धरलेल्या कारणाने नव्हे. तो नमुना हिरव्या आणि काळ्या पदार्थांचे मिश्रण निघाला. अतिसंवाहक होता तो काळा, आणि त्याची स्फटिकरचना लँथॅनम-संयुगाहून निराळीच होती. त्यात इट्रियम दोन थरांच्या मधोमध बसते, मात्र त्याच्या जागी गॅडोलिनियमसारखा चुंबकीय अणू आला तरी संक्रमण-तापमान फारसे हलत नाही (प्रेसिओडिमियम हा ठळक अपवाद). उलट, थरातील तांब्याची थोडीशी जागा जस्ताने घेतली तरी ते झपाट्याने घसरते. डोपिंगची सूत्रे येथे ऑक्सिजनच्या हाती असतात: थरांपासून अलग असलेल्या तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या थरांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, आणि भाजलेला पदार्थ ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड केला तरच त्या साखळ्या नीट भरतात. सूत्रातील ऑक्सिजनचे प्रमाण सातच्या जवळ असेल तर संयुग अतिसंवाहक होते, सहावर आले की तेच रोधक बनते.

पुढे १९९३ मध्ये झुरिक येथेच पारायुक्त संयुगात तीन थर एकावर एक रचून सुमारे १३३ केल्विन गाठले गेले. चौथा थर घातल्यावर मात्र तापमान उतरते, कारण आतल्या थरांपर्यंत डोपिंग पुरेसे पोहोचत नाही, असे मानले जाते.