नसलेल्या विमानाला चुकवताना

१ मार्च २०२५ च्या सकाळी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरू पाहणाऱ्या काही विमानांत, शेजारीच दुसरे विमान आल्याचा इशारा वाजला. शेजारी कोणीच नव्हते. तरीही काही वैमानिकांनी उतरणे सोडून विमान पुन्हा वर घेतले. महिन्याभरापूर्वीच, २९ जानेवारीला, याच विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण दगावले होते. पुढे अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत सांगितले गेले, की सीक्रेट सर्व्हिस आणि नौदल यांची ड्रोनविरोधी चाचणी टक्कररोधक यंत्रणेच्याच लहरींवर चालू होती.

लहरींची भानगड अभियंते निस्तरतील. माणूस आणि इशारा यांचे नाते तपासणाऱ्या आपल्या विषयाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: त्या वैमानिकांनी केले ते बरोबर होते का? पाने उलटण्याआधीच माझे उत्तर सांगून टाकतो. अगदी बरोबर होते. आणि ते का, हे नीट समजले की या विषयाचा निम्मा अभ्यास झाला.

आधी त्या टक्कररोधक यंत्राची ओळख. वैमानिक त्याला ‘टीकॅस’ म्हणतात. ते १०३० मेगाहर्ट्झवर आसपासच्या विमानांना हाका मारत राहते. त्यांचे ट्रान्सपाँडर १०९० वर ‘ओ’ देतात आणि आपली उंची सांगतात. ‘ओ’ यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते. धोका मात्र अंतरावर ठरत नाही, उरलेल्या वेळावर ठरतो. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागायचे, ही कल्पना बेंडिक्स कंपनीच्या जॉन मोरेल यांनी १९५० च्या दशकात मांडली, आणि आजही सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. सुरुवातीला नुसते ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू येते. गाठ पडायला साधारण १५ ते ३५ सेकंद उरले, की आज्ञाच येते: ‘क्लाइंब, क्लाइंब’. याला ‘आरए’ म्हणतात. समोरच्या विमानातही टीकॅस असेल तर दोन्ही यंत्रे आपसांत ठरवतात, एकाने वर जायचे, दुसऱ्याने खाली.

आता कॉकपिटमध्ये बसा. पडद्यावर लाल चौकोन, त्याला खेटून ‘+०२’, म्हणजे तो २०० फूट वर. आज्ञा मिळाल्यापासून पाच सेकंदांत विमान हलायला लागले पाहिजे, हे यंत्राने गृहीतच धरलेले असते. अनेक विमानांत ऑटोपायलट सोडायचा, चढ-उताराच्या वेगाचा काटा लाल पट्ट्यातून हिरव्यात येईपर्यंत नाक उचलायचे किंवा दाबायचे, तेही सावकाश. मागे चहा पिणाऱ्याचा कप सांडता कामा नये. मग नियंत्रकाला दोनच शब्द: ‘टीकॅस आरए’. या पाच सेकंदांत खरेखोटे कसे करणार? बाहेर ढग असतात, रात्र असते. दुसरे विमान दिसलेच, तर पडद्यावरचे तेच हे कशावरून? भुताचा आणि खऱ्या विमानाचा लाल चौकोन सारखाच लाल असतो.

आज्ञा बाजूला सारली तर काय होते, हे युबरलिंगेनने दाखवले. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या आकाशात एका रशियन तुपोलेव्हला यंत्र ‘वर’ म्हणत होते आणि जमिनीवरचा नियंत्रक ‘खाली’. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. यंत्राच्या आज्ञेने खाली येणारे मालवाहू बोइंग त्यांना आडवे आले. ७१ जण गेले. त्याआधी दीड वर्ष जपानमध्ये हाच घोळ झाला होता. तिथे दोन जपानी विमाने थोडक्यात एकमेकांना चुकली, पण ऐनवेळच्या हिसक्याने शंभराच्या आसपास माणसे जखमी झाली. युबरलिंगेननंतर नियम निःसंदिग्ध झाला: आरएच्या उलट कधीही जायचे नाही, मग नियंत्रक काहीही सांगो. स्टॉल (पंखांचा उठाव तुटणे), जमीन जवळ येणे आणि विंडशियर (वाऱ्याचा अचानक पालट) यांचे इशारे तेवढे आरएच्या वर.

मराठीत आपण सरसकट ‘खोटा इशारा’ म्हणतो. त्याने घोटाळा होतो. विमान मुळातच नसेल तर इशारा खोटा. विमान आहे, जोरात वर चढतेही आहे, पण आपल्याखाली हजार फुटांवर थांबणार आहे, तर तो इशारा नाहक. यंत्राला त्याचा थांबण्याचा बेत ठाऊक नसतो, म्हणून ते ओरडते. त्याचे गणित चुकलेले नसते. नाहक इशाऱ्यावरचा उपायही वैमानिकाच्याच हातात असतो: शेवटच्या हजार फुटांत चढण्या-उतरण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांखाली आणायचा. खोट्यावर त्याच्याकडे तसा उपाय नाही. हे दोन शब्द वेगळे वापरावेत, एवढा आग्रह मी इथे धरतो.

‘लांडगा आला रे आला’ची भीती अर्थातच खरी आहे. दहा वेळा फसलेला माणूस अकराव्यांदा हात आखडता घेतो, आणि आकडेवारी पाहणाऱ्याला त्यात शहाणपणही दिसेल. पण हिशोब मांडून पाहा. रेगनवर खोट्या इशाऱ्याची किंमत होती थोडे इंधन, थोडा उशीर, प्रवाशांची थोडी चिडचिड. खरा इशारा खोटा मानण्याची किंमत युबरलिंगेनला मोजली गेली. भारताने तर यंत्रच नसण्याची किंमत मोजली आहे: १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने एकमेकांवर आदळून ३४९ जण गेले. त्यानंतरच आपल्याकडे टीकॅस सक्तीचे झाले.

राहिला तो कागद, म्हणजे आरएनंतर वैमानिकाने लिहायचा अहवाल. एका विमानाने खोट्या आरएची नोंद केली तर वर्कशॉपवाले त्याच विमानाचा अँटेना खोलून बसतात. एकाच सकाळी, एकाच जागी, वेगवेगळ्या विमानांच्या नोंदी आल्या, की शोधणाऱ्याची नजर विमानांवरून जमिनीकडे वळते. वाचकांत कोणी वैमानिक असतील तर त्यांना विनंती: काहीच घडले नाही म्हणून तो अहवाल लिहायचा राहू देऊ नका. आम्हा अभ्यासकांना वाचायला तेवढेच मिळते.