धातूंच्या क्षारांचे बारसे

आपल्याकडे मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते. आत्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात आणि त्या क्षणापासून ते मूल जगाच्या व्यवहारात दाखल होते. रसायनशास्त्रातील पदार्थांच्या वाट्याला असे सुटसुटीत बारसे फार उशिरा आले. हजारो वर्षे माणूस मोरचूद वापरीत होता, हिराकस वापरीत होता, शेंदूर, हिंगूळ, गेरू, मुरदाडशिंग, नवसागर, तुरटी हे सगळे त्याच्या घरात, औषधात आणि रंगशाळेत होते. परंतु या नावांवरून त्या पदार्थाच्या पोटात काय आहे हे कोणालाही कळत नव्हते. मोरचूद म्हटले की मोराच्या गळ्याचा निळा रंग डोळ्यांपुढे येतो. त्यात तांबे आहे हे नाव सांगत नाही. हिराकस हा हिरवट खडा. त्यात लोखंड आहे हे सांगायला वैद्य किंवा रंगारीच हवा.

युरोपातही स्थिती निराळी नव्हती. तेथे ‘अँटिमनीचे लोणी’ होते, ‘जस्ताची फुले’ होती, ‘गंधकाचे यकृत’ होते आणि ‘शिशाची साखर’ही होती. ही साखर चवीला खरोखरच गोड असे आणि खाणाराचा घात करी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण त्या काळच्या रसायनशाळेला तंतोतंत लागू पडते. फरक एवढाच की येथे वाळा कथलाचा नसून विषाचा होता.

अशा वेळी फ्रान्समधील दिजाँ या गावचा एक कायदेपंडित पुढे आला. गितों द मोर्व्हो हे त्याचे नाव. धंदा न्यायालयातला, पण ओढ रसायनाची. शब्द नेमका नसला तर खटला बुडतो, हे वकिलाइतके कोणाला ठाऊक असणार? १७८२ साली त्याने एक निबंध लिहून असे मांडले की पदार्थाचे नाव त्याच्या घटकांवरून पडले पाहिजे. रंगावरून, गावावरून किंवा शोधणाऱ्याच्या नावावरून नव्हे. पुढे तो पॅरिसला गेला. तेथे लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ हे तिघे त्याला मिळाले, आणि १७८७ साली या चौघांनी मिळून रासायनिक नामकरणाची पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आज आपण सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड म्हणतो ती व्यवस्था त्या ग्रंथातली. प्रत्यय बदलला की घटक बदलला, असा तो सरळ हिशेब होता. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या लोकांना यातले सौंदर्य वेगळे समजावून सांगायला नको. धातू तोच, प्रत्यय निराळा, अर्थ निराळा!

लाव्हाझिएची धारणा अशी होती की भाषा सुधारल्यावाचून शास्त्र सुधारत नाही आणि शास्त्र सुधारल्यावाचून भाषा सुधारत नाही. तो सरकारी करवसुलीच्या मक्त्यात भागीदार होता. त्या अपराधासाठी राज्यक्रांतीने ८ मे १७९४ रोजी त्याला गिलोटिनखाली दिले. माणूस गेला; त्याने घडविलेली भाषा मात्र उरली.

परंतु या सुंदर व्यवस्थेत एक उणीव राहून गेली होती, आणि आजच्या विवेचनाचा खरा विषय ती उणीव हाच आहे. सोडियमसारखा धातू सरळमार्गी असतो. तो संयोग पावताना प्रत्येक वेळी एकच इलेक्ट्रॉन देतो. म्हणून ‘सोडियम क्लोराइड’ म्हटले की काम भागते, संशयाला जागा राहत नाही. लोखंड, तांबे, क्रोमियम, मँगनीज ही मंडळी तशी नाहीत. मूलद्रव्यांच्या कोष्टकात मध्यभागी बसलेल्या या धातूंना आपण संक्रमणी मूलद्रव्ये म्हणतो. त्यांच्या बाहेरच्या कवचातील आणि त्याच्या लगतच्या आतील कवचातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत फारसे अंतर नसते. त्यामुळे प्रसंग पाहून ते कधी दोन इलेक्ट्रॉन देतात, कधी तीन, कधी त्याहूनही अधिक. लोखंडाचे दोन क्लोराइड आहेत. मग नुसते ‘लोखंडाचे क्लोराइड’ म्हणून कसे भागेल? एकाच आळीत दोन पांडुरंग राहत असले तर नुसत्या ‘पांडुरंग’ या नावाने आलेले पत्र कोणाच्या दारात टाकायचे, असा पोस्टमनला पेच पडतो, तसलाच हा पेच.

१७८७ च्या पद्धतीने धातूंच्या ऑक्साइडांपुरता हा पेच बहुतांशी रंगावर सोपविला: तांबडा ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड, काळा ऑक्साइड. म्हणजे ज्या दारातून रंग बाहेर काढला होता, त्याच दारातून तो परत आत आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या टॉमस टॉमसनने क्रमवाचक उपसर्ग सुचविले: पहिला ऑक्साइड, दुसरा ऑक्साइड, आणि शेवटचा तो ‘पर’ऑक्साइड. त्यानंतर १८११ साली स्वीडनच्या बर्झेलियसने लॅटिन नावांना दोन प्रत्यय जोडून एक तोडगा पुढे केला. लोखंडाचे लॅटिन नाव ‘फेरम’. त्यावरून कमी ऑक्सिजनचा तो ‘फेरस’ आणि जास्त ऑक्सिजनचा तो ‘फेरिक’. तांब्याचे ‘क्युप्रस’ आणि ‘क्युप्रिक’. शाळेत आपण सर्वांनी घोकलेली जोडी ती हीच.

ही व्यवस्था आपल्या इतिहासातील थोरले आणि धाकटे यांच्यासारखी आहे. घरात दोघेच असतील तर थोरला-धाकटा म्हणून भागते. पण त्यावरून कोणाचे वय किती हे कळत नाही. फेरसमध्ये लोखंडाचा धनभार २ आणि फेरिकमध्ये ३. क्युप्रसमध्ये तांब्याचा १ आणि क्युप्रिकमध्ये २. म्हणजे लोखंडाच्या घरचा धाकटा आणि तांब्याच्या घरचा थोरला एकाच वयाचे! प्रत्यय तुलना सांगतो, संख्या सांगत नाही. आणि घरात पाच भावंडे असली तर? आपल्या विदर्भाच्या भूमीत ज्याच्या खाणी आहेत ते मँगनीज घ्या. त्याची २, ३, ४, ६ आणि ७ अशी संयुगे आहेत. थोरला आणि धाकटा या दोन शब्दांत ही पाच भावंडे कशी बसवायची?

हा केवळ पंडितांचा वाद होता असे कोणी समजू नये. यात माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. पारा हा काटेकोर व्याख्येने संक्रमणी धातू नव्हे, पण नावाच्या बाबतीत तो त्याच कुळातला. त्याचे क्लोराइड दोन. एक कॅलोमेल, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि डॉक्टर ते जुलाबासाठी सर्रास देत. दुसरे करोसिव्ह सब्लिमेट. ते पाण्यात विरघळते आणि जहाल विष आहे. दोन्ही पांढरी, दोन्ही पाऱ्याची, दोन्हींत क्लोरीनच. आता गंमत पाहा, किंबहुना भीषणता पाहा. त्या काळी पाऱ्याचा अणुभार १०० मानावा की २०० याबद्दल एकमत नव्हते. एका हिशेबाने कॅलोमेल हे ‘क्लोराइड’ ठरे आणि विष हे ‘बायक्लोराइड’. दुसऱ्या हिशेबाने कॅलोमेल हे ‘सबक्लोराइड’ ठरे आणि ‘क्लोराइड’ हे नाव विषाकडे जाई. म्हणजे चिठ्ठीवर नुसते ‘पाऱ्याचे क्लोराइड’ लिहिले असेल तर लिहिणारा कोणत्या ग्रंथावर वाढला आहे, यावर रोग्याचे भवितव्य अवलंबून! अमेरिकेच्या औषधिसंहितेने अखेर शास्त्राचा नाद सोडला आणि ‘सौम्य क्लोराइड’ व ‘दाहक क्लोराइड’ अशी बाळबोध नावे घातली. ज्या व्यवहारात चूक परवडत नाही, तेथे माणूस विद्वत्तेपेक्षा स्पष्टपणाला जवळ करतो.

आपल्या रसवैद्यकातही हा धोका होताच. रसकापूर या एकाच नावाखाली कधी कॅलोमेल, कधी दाहक क्लोराइड, तर कधी दोहोंचे मिश्रण मिळे. याच पाऱ्याच्या क्षारांनी आधुनिक भारतीय रसायनाला पहिले मोठे यश दिले, हाही योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय यांना पारा आणि सौम्य नायट्रिक आम्ल यांपासून पिवळे स्फटिक मिळाले. ते मर्क्युरस नायट्राइट असल्याचे त्यांनी १८९६ साली जाहीर केले. ‘मर्क्युरस’ आणि ‘नायट्राइट’ या दोन प्रत्ययांत त्या शोधाचे सगळे नावीन्य सामावले होते. पुढे १९०२ साली त्यांनीच हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध करून आपल्या जुन्या रसग्रंथांची जगाला ओळख करून दिली.

आता या कथेच्या शेवटच्या नायकाकडे वळू. आल्फ्रेड स्टॉक हा जर्मन रसायनज्ञ. १९१९ साली त्याने एक साधी सूचना केली. थोरला नको, धाकटा नको, पहिला-दुसरा उपसर्गही नको. धातूचे नाव लिहा आणि त्याच्यापुढे कंसात, रोमन अंकात, त्या धातूचा भार लिहा. जुन्या घड्याळाच्या तबकडीवर असतात तेच हे अंक. येथे आपण ते आपल्या अंकांनी लिहू. फेरस क्लोराइड झाले लोह (२) क्लोराइड, फेरिक झाले लोह (३) क्लोराइड. थोरले-धाकटे जाऊन पहिले बाजीराव, दुसरे बाजीराव आले म्हणा ना! फरक इतकाच की येथील आकडा वंशावळीतला नाही, तो प्रत्यक्ष इलेक्ट्रॉनांचा हिशेब आहे.

हा हिशेब कोणालाही करता येतो. श्रोत्यांपैकी ज्यांनी रसायन कधी शिकले नाही, त्यांनीही करून पाहावा. तत्त्व एकच: संयुगात धन आणि ऋण यांची बेरीज शून्य झाली पाहिजे. जमाखर्च जुळला पाहिजे. आपला गेरू घ्या. त्यात लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. प्रत्येक ऑक्सिजनची उधारी २, म्हणजे एकूण ६. ती दोन लोखंडांनी फेडायची, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३. म्हणून गेरू म्हणजे लोह (३) ऑक्साइड. बॅटरीच्या सेलमधील काळी पूड घ्या: मँगनीज एक, ऑक्सिजन दोन, उधारी ४, म्हणून मँगनीज (४) ऑक्साइड. पटकीच्या साथीत विहिरीत टाकीत ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट: ऑक्सिजन चार, उधारी ८, पोटॅशियम १ फेडते, उरलेले ७ मँगनीजच्या माथी. उलट दिशेनेही जाता येते. नाव ऐकले की सूत्र मांडता येते. तांबे (१) ऑक्साइड म्हटले की एका ऑक्सिजनला दोन तांबे लागणार हे आपोआप ठरते. पाठांतराची जागा समजुतीने घेतली. माझ्या मते स्टॉकच्या सुधारणेचे खरे मोल हेच. जुनी नावे पिढीजात गुपितांसारखी होती, ज्याला गुरू भेटला त्यालाच ती उमगत. नवे नाव कोणापासून काही लपवीत नाही.

आंतरराष्ट्रीय रसायन संघाने १९४० च्या नियमांत ही पद्धती मान्य केली. आज जगभर ती चालते. फेरस-फेरिक मात्र औषधांच्या बाटल्यांवर आणि जुन्या सवयीत टिकून आहेत.

स्टॉकच्या आयुष्यातील एक दुःखद भाग सांगितल्यावाचून ही हकिकत पुरी होत नाही. हवेच्या स्पर्शाने पेट घेणाऱ्या वायूंवर तो काम करी. त्यासाठी त्याच्या काचेच्या उपकरणांत पारा भरलेला असे. वर्षानुवर्षे डोकेदुखी, भोवळ, स्मृतिभ्रंश यांनी तो गांजला, कारण सापडेना. १९२४ साली ध्यानात आले की खोलीतील हवेत पाऱ्याची वाफ आहे आणि आपण ती रोज श्वासाबरोबर घेत आहोत. १९२६ साली त्याने स्वतःच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध करून इतरांना सावध केले आणि उरलेले आयुष्य याच कामी बरेचसे वेचले. १९४६ साली तो वारला. ज्याने पाऱ्याच्या क्षारांना निःसंदिग्ध नावे दिली, त्याच्यावर निनावी पाऱ्याने घाव घातला होता.

तेव्हा आकड्याचे महत्त्व कशात आहे? क्रोमियमच्या दोन रूपांकडे पाहा. क्रोमियम (३) च्या क्षारांनी कातडे कमावतात. क्रोमियम (६) ची संयुगे कर्करोगास कारण होतात. नदीच्या पाण्यात ‘क्रोमियम आहे’ एवढे सांगणे म्हणजे गावात ‘माणूस आला आहे’ एवढे सांगणे होय. पाहुणा आला की दरोडेखोर, हे कंसातील आकडा सांगतो. रक्त वाढविण्याच्या गोळ्यांवर ‘फेरस’ असते तेही उगीच नव्हे. लोह (२) चे क्षार शरीरात लोह (३) पेक्षा सुलभतेने शोषले जातात. आणि आपल्या पणजोबांची हिरडा-हिराकसाची शाई लिहिताना फिकी आणि वाळल्यावर काळी का होई? हवेतील प्राणवायूने कागदावरच दोनाचे तीन होत असत.

नाव बिनचूक झाले म्हणजे शहाणपण आले, असे मात्र नाही. ‘सौम्य’ म्हणून गौरविलेले कॅलोमेल लहान मुलांच्या दात येण्याच्या पुडीत घालीत. त्यामुळे हातपाय लाल होऊन मुले झिजत. इंग्लंडात १९५४ साली ते त्या पुडीतून काढले गेले. ‘सौम्य’ हे विशेषण माणसाने दिलेले होते. पाऱ्याला ते ठाऊक नव्हते. आकडा असे विशेषण देत नाही, तो कोणाची भलावण करीत नाही. तो फक्त हिशेब मांडतो, आणि पुढचा विचार आपल्यावर सोडतो. म्हणून औषधाच्या वेष्टनावर, खताच्या पोत्यावर किंवा पाण्याच्या तपासणीच्या अहवालावर धातूचे नाव दिसले की त्याच्या पुढचा प्रत्यय किंवा कंस आपण अवश्य वाचावा. तेथे दोनशे वर्षांचे शहाणपण एका आकड्यात साठविलेले आहे.