कलम आणि खोड

मराठीत ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. लेखणीबरोबरच तो झाडाच्या रोपणासही लागला. कलमाने खोडावर उलटावे, ही कल्पना बागाइतास अपरिचित होय. अस्थिमज्जेच्या रोपणात मात्र दात्याच्या पेशी आश्रय देणाऱ्या देहावरच चाल करू शकतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली भारतातील पहिले असे रोपण झाले, तेव्हा सारी प्रतिकारशक्ती दडपणे हाच यावर मुख्य उपाय होता. परंतु तिच्याबरोबर कर्करोगाशी झुंजणारे बळही खचे. १९९७ साली मिलानच्या संशोधकांनी निराळा मार्ग प्रसिद्ध केला : दात्याच्या पेशींत हर्पिस विषाणूचे एक जनुक घालावे; त्या उलटल्यास गॅन्सिक्लोव्हिर देऊन तेवढ्याच माराव्या. युरोपात २०१६ साली या उपचारास सशर्त मान्यता लाभली. पुढील चाचणीत अपेक्षित लाभ न दिसल्याने २०१९ साली तो मागे घेतला गेला. तथापि सरसकट दडपणुकीऐवजी नेमका निग्रह, हा विचार त्याने रुजविला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.