कागदात गुंडाळलेली गोळी

१० डिसेंबर १९७१ ची रात्र. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला, टांगाईलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोर्च्यात तुम्ही पालथे पडून आहात. वय बावीस, पलटण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. ब्रह्मपुत्रा ओलांडताना भिजलेले मोजे अजून वाळलेले नाहीत आणि शत्रूपेक्षा त्यांचाच जास्त वैताग आलाय.

कालच्या पत्राची गोष्ट मोर्च्यामोर्च्यातून फिरलीय. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी जमालपुरात अडकलेल्या ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदला लिहिलं, शरण या. उत्तराच्या कागदात चिनी बनावटीची गोळी गुंडाळलेली. लढाई तर अजून सुरूच झालेली नाही, पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसू दे, असा टोमणाही. तुमचा सेक्शन जाम खूश आहे. दुश्मन असावा तर असा!

मध्यरात्रीच्या पुढे रस्त्यावर पावलं वाजतात. बलुच जमालपूर सोडून निघालेत. आपल्या पलटणीच्या कर्नल ब्रार साहेबांचा हुकूम येईपर्यंत ट्रिगरला बोट लावायचं नाही. रांग जवळ येते, इतकी जवळ की कुणाचा तरी खोकला ऐकू येतो. (पन्नास वर्षांनी तोफा आठवणार नाहीत, हा खोकला आठवेल.) मग सगळ्या एलएमजी एकदम सुटतात. ते पांगतात, जमतात, पुन्हा येतात. पहाटेपर्यंत हेच.

उजाडल्यावर रस्त्यावर दोनशेहून जास्त प्रेतं. एकाच्या पाठीवर भाताचं पातेलं बांधलेलं, त्याला आरपार भोक. पत्र काही यानं लिहिलं नव्हतं. लिहिणारा कर्नल रात्रीच निसटला.

आता मधली वर्षं ओलांडून थेट यंदाच्या १६ डिसेंबरला या. पंचाहत्तरी उलटलीय. सातारकडच्या एका शाळेत विजय दिवस, तुम्ही प्रमुख पाहुणे, शाल-नारळ झालेला. "काका, युद्धातला थरार सांगा ना," सूत्रसंचालिका म्हणते. पत्राची गोष्ट सांगता, टाळ्या पडतात. पातेल्याची सांगता, मुख्याध्यापक घड्याळ बघतात.

गोळ्या झाडल्याचा पस्तावा नाही. ते बलुच ढाक्यात पोहोचले असते, तर तिथं आपलीच पोरं मेली असती. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले होते. ती लढाई टाळता आली असती, असं तुम्हाला आजही वाटत नाही. पण टीव्हीवर कुणी "एकदाचं होऊनच जाऊ द्या" म्हणाला, की रिमोट फेकावासा वाटतो. कुणाचं होऊन जाऊ द्या? स्टुडिओतनं कोण जाणार आहे, नाव सांगा!

कार्यक्रम संपल्यावर दहावीतला एक पोरगा गाठतो. भरतीला उतरायचंय, पण धावताना दम लागतो. जाऊ नको, असं म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. त्याला मैदानाच्या कडेला नेता आणि सांगता, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत यायला हवं, पहिल्याच फेरीत जोर लावू नकोस, आणि हो, नवे बूट घालून पळू नकोस.